रेडिओ-नियंत्रित भारवाही विमान

ज्या विमानात वैमानिक बसत नाही, ज्याचे एंजिन व हलत्या फळ्या यांचे नियंत्रण जमिनीवरील चालक रेडिओ संदेशांच्या साहाय्याने करतो आणि जे स्वतःच्या वजनाखेरीज कॅमेरा, मापक उपकरणे, औषधे, जादा इंधन अथवा चाचणीपुरत्या वजनी पट्ट्या यांसारखा भार वाहून नेते, त्या विमानास रेडिओ-नियंत्रित भारवाही विमान म्हणतात. आकाराने ते छंद म्हणून उडविण्यात येणारी लहान प्रतिकृती आणि माणसे नेणारे विमान यांच्या मधले असते. त्याच्या पंखांचा विस्तार सामान्यतः २ ते ५ मी. असून शक्तीसाठी बहुधा पेट्रोलवर चालणारे अंतर्ज्वलन-एंजिन वापरतात. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार प्रतिकृती विमानाचे इंधनासह कमाल वजन २५ किग्रॅ. व त्याच्या दट्ट्याच्या एंजिनाची कमाल धारणा २५० घ. सेंमी. असू शकते. लष्करी व वैज्ञानिक कार्यासाठी बांधलेली विमाने या मर्यादेपलीकडेही जातात.

या विमानाचा इतिहास पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. भार उचलण्याइतकी शक्ती पुष्कळच लवकर उपलब्ध झाली. परंतु आत माणूस नसताना विमान अपेक्षेप्रमाणे वागेल, अशी खात्री मिळण्यास त्यानंतर अनेक दशके लागली. ही खात्री मुख्यतः रचनेतील काटेकोरपणा व टप्प्याटप्प्याने केलेली चाचणी उड्डाणे यांतून मिळत गेली.

तत्त्व : पंखांवर निर्माण होणारे उत्थापन (वर उचलणारी प्रेरणा) हे पंखांचे क्षेत्रफळ, हवेची घनता, वेगाचा वर्ग आणि पंखाचा छेद व कोन यांनुसार ठरणारा उत्थापन गुणांक यांवर अवलंबून असते [⟶ विमान]. यावरून भार वाढविल्यास काय घडते, याचा अंदाज बांधता येतो. उदा., एखाद्या विमानाच्या पंखांचे क्षेत्रफळ २ चौ. मी., कमाल उत्थापन गुणांक १.४ व रिकामे वजन १२ किग्रॅ. आहे असे मानल्यास समुद्रसपाटीवर ते हवेत राहण्यासाठी ताशी किमान सुमारे ३० किमी. वेग लागतो. त्यात ८ किग्रॅ. भार ठेवल्यास हा वेग ताशी सुमारे ३८.५ किमी. होतो. वेगातील ही वाढ फार वाटत नाही. पण तेवढ्याच रेट्याने अधिक जड विमान अधिक वेगापर्यंत न्यावयाचे असल्यामुळे, घर्षण व हवेची ओढ लक्षात न घेता, उड्डाणापूर्वीच्या धावेचे अंतर सुमारे पावणेतीन पट होते. रिकामे असताना सहज उडणारे विमान भार घेतल्यावर धावपट्टीच्या टोकाशी का कोसळते, याचे स्पष्टीकरण बहुतांशी या हिशेबात मिळते.

विमानाचा केवळ आकार वाढविणे हा यावरील सरळ उपाय नव्हे. लांबी, रुंदी व जाडी दुप्पट केल्यास पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते. पण त्याच द्रव्याने व त्याच पद्धतीने बांधलेल्या सांगाड्याचे वजन आठपट होते. म्हणून मोठ्या विमानाची रचना लहान विमानाची वाढविलेली नक्कल असून चालत नाही. ती नव्याने आखावी लागते.

इतिहास : निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ तरंगांनी नियंत्रित होणारी लहान नाव चालवून दाखविली. दूरनियंत्रणाची कल्पना अशा रीतीने विमानाच्या आधीच प्रत्यक्षात आली होती. दुसरीकडे सॅम्युएल लँग्ली यांनी ६ मे १८९६ रोजी वाफेच्या एंजिनावर चालणारे, सुमारे ११ किग्रॅ. वजनाचे मानवरहित विमान अमेरिकेतील पोटोमॅक नदीवर सुमारे १ किमी. अंतर उडविले. त्यांच्या नियोजित मोठ्या विमानाची पेट्रोल एंजिन बसविलेली एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती १८ जून १९०१ आणि ८ ऑगस्ट १९०३ या दिवशी उडाली. पेट्रोल एंजिनावर उडालेले हवेपेक्षा जड असे हे पहिले यंत्र होय. तथापि त्याला दिशा देण्याचे कोणतेही साधन जमिनीवरील माणसाच्या हाती नव्हते. प्रतिकृतीच्या यशावर विसंबून बांधलेले पूर्ण आकाराचे विमान त्याच वर्षी ऑक्टोबर व डिसेंबर महिन्यांत माणसासह दोनदा सोडण्यात आले व दोन्ही वेळा नदीत कोसळले. लहान विमानाचे यश मोठ्यास जसेच्या तसे लागू पडत नाही, हा धडा येथे प्रथम मिळाला.

पहिल्या महायुद्धात नियंत्रण व शक्ती यांची सांगड घालण्याचे प्रयत्न झाले. ब्रिटनमध्ये आर्चिबाल्ड लो यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले रेडिओ-नियंत्रित विमान मार्च १९१७ मध्ये अपेव्हन येथे दाबयुक्त हवेच्या साहाय्याने एका लॉरीवरून सोडण्यात आले. थोडा वेळ नियंत्रणाखाली राहून ते कोसळले. अमेरिकेत पीटर कूपर ह्यूइट व एल्मर स्पेरी यांनी घूर्णीच्या साहाय्याने आपोआप समतोल राखणारे विमान तयार केले [⟶ घूर्णी]. त्याचे हवेतील गुणधर्म आधी समजावेत म्हणून ते एका मोटारगाडीवर बसवून लाँग आयलंडमधील रस्त्यावर ताशी सुमारे १३० किमी. वेगाने नेण्यात आले आणि धावत्या गाडीवरच नियंत्रक फळ्या जुळवून घेण्यात आल्या. एल्मर यांचे पुत्र लॉरेन्स स्पेरी यांनी स्वतः त्यात बसून चाचण्या घेतल्या व त्यांपैकी एकीत विमान मोडले. अखेर ६ मार्च १९१८ रोजी हे विमान माणसाशिवाय सुमारे ९०० मी. अंतर स्थिरपणे उडाले.

चार्ल्स केटरिंग यांनी ओहायओ राज्यातील डेटन येथे केलेले विमान भाराच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. त्याचे एकूण वजन सुमारे २४० किग्रॅ. होते व त्यात सुमारे ८० किग्रॅ. स्फोटक द्रव्य, म्हणजे एकूण वजनाच्या एक-तृतीयांश भार होता. त्याचे एंजिन ४० अश्वशक्तीचे होते. त्यात रेडिओ नव्हता. उंचीचे नियमन निर्द्रव वायुदाबमापक करी, समतोल घूर्णी राखी आणि एंजिनाचे ठराविक फेरे पूर्ण होताच एंजिन बंद पडून पंख सुटत. २ ऑक्टोबर १९१८ रोजीच्या पहिल्या उड्डाणात ते प्रमाणाबाहेर तीव्र चढाने वर गेले, पंखांवरील हवेचा प्रवाह सुटला आणि ते कोसळले. उत्थापन एकाएकी नाहीसे होण्याच्या या अवस्थेस ‘स्टॉल’ म्हणतात. पुढील चाचण्यांतही यशापेक्षा अपयशाचेच प्रमाण अधिक राहिले. यावरून वजनाच्या एक-तृतीयांश भार उचलणे १९१८ मध्येच साध्य झाले होते. तो भरवशाने नेणे मात्र साध्य झाले नव्हते, असे म्हणता येईल.

रिकाम्या विमानाचे उड्डाण, हवेतील मार्गक्रमण व अवतरण हे सर्व रेडिओद्वारे प्रथम १५ सप्टेंबर १९२४ रोजी अमेरिकी नौदलाने व्हर्जिनियातील डॅलग्रेन येथे साधले. एका समुद्रविमानाने सुमारे ४० मिनिटे आज्ञा पाळल्या. परंतु पाण्यावर उतरताना त्यास इजा झाली व ते बुडाले. ब्रिटनमध्ये ‘फेअरी क्वीन’ या नावाने रूपांतरित केलेल्या तीन विमानांपैकी पहिली दोन उड्डाणाच्या आरंभीच नष्ट झाली. तिसरे १९३२ मध्ये यशस्वी ठरले. तोफखान्याच्या सरावासाठी १९३५ मध्ये आलेले द हॅव्हिलंड कंपनीचे ‘क्वीन बी’ हे विमान या प्रकारातील पहिले खऱ्या अर्थाने उपयोगी विमान होय. जमिनीवरील चालक दूरध्वनीच्या चकतीसारखी चकती फिरवून त्यास आज्ञा देत असे. पुढच्या बैठकीतील नेहमीची नियंत्रणे मात्र कायम ठेवलेली होती, त्यामुळे प्रथम माणूस आत बसून विमान तपासून पाहू शके. मानवरहित विमानावरील विश्वास टप्प्याटप्प्याने वाढविण्याची पद्धत येथे पूर्ण रूपात दिसते.

याच सुमारास छंदाच्या क्षेत्रातून एक स्वतंत्र प्रवाह पुढे आला. मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ मध्ये सुमारे २.४ मी. पंखविस्ताराचे ‘बिग गफ’ हे पेट्रोल एंजिनाचे विमान रेडिओच्या साहाय्याने यशस्वीपणे उडविले. त्या काळचे ग्राही यंत्र निर्वात नलिकांचे असून त्याच्या विद्युत् घटांसह ते जड असे. त्यामुळे नियंत्रणाची सामग्री हाच विमानावरील मुख्य भार होता आणि तो पेलण्यासाठीच विमान मोठे करावे लागे. हॉलिवुडमधील अभिनेते रेजिनल्ड डेनी यांनी या छंदातून उद्योग उभारला. त्यांच्या कंपनीने केलेले ‘ओक्यू-२’ हे सराव-लक्ष्य विमान सुमारे ४७ किग्रॅ. वजनाचे व ३.७ मी. पंखविस्ताराचे होते. त्याचे द्विधावी एंजिन ६ अश्वशक्तीचे होते. ते गोफणीसारख्या यंत्रणेने सोडीत व हवाई छत्रीने उतरवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कंपनीने अशी सुमारे १५,००० विमाने पुरविली.

महायुद्धानंतर ट्रँझिस्टरमुळे ग्राही यंत्राचे वजन झपाट्याने घटले. १९६० नंतरच्या दशकात प्रमाणशीर नियंत्रण रूढ झाले. पूर्वी सुकाणू ‘पूर्ण डावीकडे’ अथवा ‘पूर्ण उजवीकडे’ एवढेच वळविता येई. आता चालकाच्या हातातील काठी जितकी हलेल, त्या प्रमाणातच फळी हलू लागली. लहान एंजिनांमध्ये १९४७ पासून तप्त तारेच्या गुडदीचा प्रसार झाल्याने पेट्रोल काही काळ मागे पडले होते. सत्तरीच्या दशकात लाकूडतोडीच्या साखळी-करवतीची पेट्रोल एंजिने विमानांवर बसविण्यात येऊ लागली व मोठ्या, भार नेणाऱ्या विमानांचा मार्ग पुन्हा खुला झाला. १९८६ पासून अमेरिकेतील मोटार अभियंत्यांची संस्था महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी भारवाही प्रतिकृती विमानांच्या स्पर्धा भरवीत आली आहे. विद्यार्थ्यांनी आपले विमान किती भार नेईल याचे भाकीत आधी मांडणे व नंतर ते उडवून सिद्ध करणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

रचना : भारवाही विमानाचा आराखडा भाराच्या जागेपासून सुरू होतो. विमानाचा गुरुत्वमध्य सामान्यतः पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३० टक्के अंतरावर ठेवतात. भाराची पेटी व इंधनाची टाकी याच बिंदूच्या आसपास असल्यास भार काढल्याने वा इंधन संपत गेल्याने समतोल बिघडत नाही. गुरुत्वमध्य पुढे सरकल्यास विमानाचे नाक जड होते व ते उतरविणे कठीण जाते. मागे सरकल्यास विमान अस्थिर होते आणि मग कुशल चालकालाही ते सावरता येत नाही.

पंख बहुधा वरच्या बाजूस, सरळ व लांब ठेवतात. सांगाड्यासाठी बाल्सा लाकूड, प्लायवुड, ॲल्युमिनियमाच्या नळ्या, तसेच काचतंतू व कार्बन तंतू यांनी प्रबलित केलेले प्लॅस्टिक वापरतात. पूर्ण झालेला पंख उलटा टेकवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात व उड्डाणात पडणाऱ्या भाराच्या तीन ते चार पट भार तो सोसतो की नाही, हे जमिनीवरच पाहतात.

एंजिन प्रायः द्विधावी असून पेट्रोलमध्येच वंगण तेल मिसळलेले असते. त्यापासून दोन अडचणी उद्भवतात. ठिणगी गुडदीपासून निघणारे विद्युत् चुंबकीय तरंग रेडिओ ग्राहीत अडथळा आणतात. यासाठी प्रज्वलन तारेस धातूचे आवरण देतात आणि प्रज्वलन यंत्रणा व ग्राही यांत शक्य तेवढे अंतर राखून दोहोंसाठी स्वतंत्र विद्युत् घट योजतात. दुसरी अडचण कंपनांची. त्यांमुळे डाख सुटतात, मळसूत्रे सैल होतात व तारा तुटतात. म्हणून ग्राही यंत्र मऊ स्पंजात गुंडाळतात आणि एंजिन रबरी बैठकीवर बसवितात. मोठ्या विमानांत हलत्या फळ्यांना गती देणाऱ्या सर्व्हो यंत्रणा व विद्युत् घट दुहेरी ठेवतात. पूर्वी या कामासाठी ७२ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या कंप्रता अनेक देशांत वापरात होत्या. एकाच कंप्रतेवर दोन प्रेषक सुरू झाल्यास विमान हमखास जाई. २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील सांकेतिक प्रेषण रूढ झाल्यापासून हा धोका पुष्कळच कमी झाला आहे.

चाचणी उड्डाण : चाचणीचा बराचसा भाग जमिनीवरच पार पडतो. प्रथम प्रेषकाची शक्ती घटवून चालक विमानापासून दूर जातो व संदेश किती अंतरापर्यंत पोहोचतात हे पाहतो. ही तपासणी एंजिन बंद असताना व चालू असताना अशी दोनदा करतात. दोहोंत लक्षणीय फरक पडल्यास प्रज्वलनाचा अडथळा आहे असे समजतात. संदेश तुटल्यास एंजिन आपोआप मंद वा बंद होते की नाही, हेही पाहतात. त्यानंतर विमान धावपट्टीवर प्रथम हळू व मग वेगाने पळवून चाके व सुकाणू यांची दिशा ठीक करतात.

पहिले उड्डाण भाराशिवाय, वाऱ्याच्या दिशेला सामोरे जाऊन करतात. पुरेशी उंची गाठल्यावर फळ्या अशा जुळवितात, की काठी सोडली तरी विमान सरळ व समपातळीत जाईल. त्यानंतर उंचावरच वेग मुद्दाम कमी करून स्टॉलची अवस्था आणतात. विमान कोणत्या वेगास व कोणत्या बाजूस पडते हे तेथे कळले, म्हणजे उतरताना ते टाळता येते. यानंतरच नियोजित भाराचा चौथा भाग, अर्धा, पाऊण व अखेरीस पूर्ण भार असे टप्पे घेतात. प्रत्येक टप्प्यात धावेचे अंतर, चढाचा वेग आणि इंधनाचा खप यांची नोंद ठेवतात. मागील आकड्यांशी मेळ न बसल्यास पुढचा टप्पा घेत नाहीत.

जमिनीवरील चालकाच्या काही अडचणी विमानात बसलेल्या वैमानिकास नसतात. विमान त्याच्याकडे येऊ लागले, की डावे-उजवे उलटे भासते. वाऱ्याबरोबर जाणारे विमान जमिनीच्या संदर्भात वेगवान दिसते, म्हणून चालक वेग कमी करतो; हवेच्या संदर्भात मात्र ते आधीच मंद असते व वळणात स्टॉल होते. भरलेल्या विमानात ही चूक अधिक घातक ठरते, कारण त्याचा स्टॉलचा वेग वाढलेला असतो. रिकाम्या विमानावर बसलेली हाताची सवय येथे दगा देते, म्हणूनच भाराचे टप्पे टाळता येत नाहीत.

अटलांटिकपार उड्डाणे : दोन उड्डाणांत या साऱ्या अनुभवाची कसोटी लागली. दोहोंत मुख्य भार इंधनाचाच होता. २०–२१ ऑगस्ट १९९८ रोजी ‘एरोसोंड’ प्रकारचे ‘लायमा’ हे विमान न्यू फाउंडलंडहून निघून सुमारे ३,२७० किमी. अंतर २६ तास ४५ मिनिटांत कापून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीझ बेटांत उतरले. वातावरणवैज्ञानिक मापनासाठी आखलेल्या या विमानाचे वजन सुमारे १३ किग्रॅ. व पंखविस्तार २.९ मी. होता. ते धावत्या मोटारगाडीच्या टपावरून सोडण्यात आले. स्पेरी पितापुत्रांनी आठ दशकांपूर्वी गाडीचा उपयोग चाचणीसाठी केला होता. आता तीच धावपट्टी ठरली. समुद्रावर असताना ते जमिनीवरील रेडिओच्या टप्प्याबाहेर होते व स्वयंचालित यंत्रणाच उपग्रहांच्या आधारे त्यास मार्ग दाखवीत होती.

दुसरे उड्डाण छांदिष्टांचे होते. मेनार्ड हिल हे अमेरिकी अभियंता वयाच्या सत्तरीनंतर या कार्यास लागले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. हवाई क्रीडा महासंघाच्या विक्रमासाठी इंधनासह वजन ५ किग्रॅ.च्या आत ठेवणे आवश्यक होते. हिल यांनी बाल्सा लाकडाचे सुमारे १.८ मी. पंखविस्ताराचे विमान केले आणि १० घ. सेंमी. धारणेच्या चार धावी एंजिनात बदल करून त्याचा इंधनखप अतिशय कमी केला. उड्डाणाच्या वेळी विमानाच्या वजनाचा निम्म्याच्या जवळपास हिस्सा इंधनाचा होता. २००२ मधील त्यांचे प्रयत्न फसले व विमाने समुद्रात गेली. २००३ मधील पहिला प्रयत्नही असफल झाला. ९ ऑगस्ट २००३ रोजी न्यू फाउंडलंडमधील केप स्पीअर येथून सोडलेल्या ‘टॅम-५’ या विमानाकडून वाटेत काही काळ माहिती येणे थांबले होते; परंतु ११ ऑगस्ट रोजी ते आयर्लंडमधील क्लिफडनजवळच्या किनाऱ्यावर दिसले व तेथील चालकाने रेडिओद्वारे त्यास सुखरूप उतरविले. ३८ तास ५२ मिनिटांत त्याने सुमारे ३,०३० किमी. अंतर तोडले होते. १९१९ मध्ये ॲल्कॉक व ब्राउन हे अटलांटिक न थांबता ओलांडून याच परिसरात उतरले होते.

भारत : बंगळूर येथील वैमानिकीय विकास आस्थापनेने लष्करासाठी ‘निशांत’ हे टेहळणी विमान विकसित केले. सुमारे ३८० किग्रॅ. वजनाचे हे विमान रुळासारख्या उतरणीवरून सोडीत व हवाई छत्रीने उतरवीत. लष्करास मिळालेली चारही विमाने २०१५ अखेरपर्यंत अपघातात नष्ट झाली व पुढील खरेदी थांबली. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात प्रतिकृती विमानांचे शिक्षण देण्यात येते. ऑगस्ट २०२१ मध्ये अंमलात आलेल्या ड्रोन नियमांनी भारासह एकूण वजनानुसार मानवरहित विमानांचे वर्ग पाडले असून २ ते २५ किग्रॅ. वजनाची विमाने ‘लघू’ वर्गात येतात. प्रस्तुत प्रकारातील बहुतेक विमाने याच वर्गात मोडतात.

जवळच्या अंतरासाठी आता विद्युत् घटांवर चालणारी बहुपंखी याने सोयीची ठरली आहेत. तथापि १ किग्रॅ. पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम घटात ती सुमारे पाव किलोवॉट-तास भरते. लहान एंजिनाची कार्यक्षमता कमी आहे हे धरूनही हा फरक मोठा राहतो. शिवाय इंधन जळत जाते तसे विमान हलके होते, घट मात्र रिकामा झाला तरी तेवढाच जड राहतो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या सर्वेक्षणासाठी व वातावरणीय मापनासाठी पेट्रोल एंजिनाच्या विमानाचे महत्त्व टिकून आहे.